लाल थर

१

रोज सकाळी साडेनऊ वाजता पद्मिनी आठल्ये मातीची नाडी बघायची. हा शब्द तिच्या नवऱ्याचा, श्रीरंगचा. जर्सी सिटीहून पाथ ट्रेन पकडून नदीखालून मॅनहॅटनला यायचं, म्युझियमच्या मागच्या दाराने तळघरात उतरायचं, कोट काढून ॲप्रन चढवायचा आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या लाकडी चौकटीसमोर वही घेऊन उभं राहायचं. आधी खोलीचं तापमान लिहायचं, मग हवेतला दमटपणा, मग टेपने चार खुणांवर थराची जाडी. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर चहा.

चौकटीत मातीचा एक उभा काप होता. पुरुषभर उंच, दोन हात रुंद. लंडनमध्ये एका नव्या इमारतीचा पाया खणताना तो जमिनीतून जसाच्या तसा कापून काढला होता आणि वसंतातल्या प्रदर्शनासाठी इकडे उसना आणला होता. तळाला करडी माती होती, वरच्या अंगाला तपकिरी, आणि दोन्हींच्या मध्ये एक लाल पट्टा. विटेचा लाल नव्हे, कुंकवाचा. त्यात कोळशाचे ठिपके, वितळलेल्या काचेचा एक थेंब, जळून काळे पडलेले गव्हाचे दाणे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वी एक अख्खं गाव जळालं होतं, आणि त्याच्या भिंती, छपरं, धान्य, माणसं, सगळं मिळून एवढाच एक पट्टा उरला होता.

ओलसर माती वाळताना आक्रसते, तडकते. ती तशी आक्रसते आहे का, हे बघायला पद्मिनी रोज मोजत होती. पुण्यात जिऑलॉजीत एम.एस्सी. करून आलेल्या बाईला मातीचे स्वभाव कोणी शिकवायला नको होते.

१९८७ सालच्या ऑक्टोबरमधल्या पहिल्या सोमवारी लाल पट्टा चव्वेचाळीस सेंटिमीटर भरला. शुक्रवारी साडेचव्वेचाळीस.

पद्मिनीने टेप बदलला. मग चष्मा पुसून पुन्हा मोजलं. करडा थर होता तेवढाच होता, तपकिरी होता तेवढाच होता, चौकटही तीच. तरी मधला पट्टा अर्धा सेंटिमीटर वाढला होता.  मग तिने वहीत लिहिलं, ‘मोजण्यात चूक असावी’, आणि चहा करायला गेली.

२

त्या दिवसांत तिच्याकडून चुका होत होत्या, हे खरं होतं. ऑगस्टपासून तिला धड झोप नव्हती.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी ती, श्रीरंग आणि तेरा वर्षांची सुमेधा नेवार्क ॲव्हेन्यूवरून वाणसामान घेऊन पायी घरी येत होती. उजेड होता, रस्त्यावर माणसं होती. एक निळी गाडी शेजारून हळूहळू चालू लागली. आत तिघे. चालवणाऱ्याला ती तोंडओळखीने ओळखत होती. मागच्याच गल्लीत राहणारा डेनिस नोवाक, पंचविशीतला, गाड्या रंगवायचं काम करणारा. त्याने काच खाली करून पद्मिनीच्या कपाळाकडे बोट दाखवलं आणि काहीतरी बोलला. श्रीरंग थांबला. तो कधी कोणावर आवाज चढवणारा माणूस नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. एवढंच म्हणाला, “माझी मुलगी बरोबर आहे.”

डेनिस गाडीतून उतरला तो लोखंडी पाना घेऊनच.

दोन मिनिटं लागली असतील. श्रीरंग फुटपाथवर पडला, फुटलेल्या पिशवीतली तूरडाळ त्याच्या रक्तात पसरली. मग डेनिस पद्मिनीकडे वळला. तिला वाटलं, आता आपल्याला मारणार. त्याने मारलं नाही. सुमेधाकडे बघत बघत, जराही घाई न करता, त्याने अंगठ्याने पद्मिनीच्या कपाळावरचं कुंकू पुसलं आणि अंगठा तिच्याच खांद्याला पुसून निघून गेला.

श्रीरंगचा डावा डोळा गेला. पुलांची ड्रॉइंगं काढणाऱ्या त्याच्या हाताला कंप सुटला. पोलिसांनी डेनिसला बोलावलं, पण त्याच्या आईने शपथेवर सांगितलं की त्या संध्याकाळी तो घरीच होता, स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून जेवत होता. दोघा मित्रांनी तेच सांगितलं. रस्त्यावरच्या माणसांपैकी कोणीच काही पाहिलं नव्हतं. सप्टेंबरात केस क्लोज झाली.

महाराष्ट्र मंडळातल्या संजीवचा फोन आला. “वहिनी, जाऊ दे ना आता. आपल्याला इथेच राहायचंय. आणि बाहेर पडताना कुंकू नका लावू काही दिवस. उगाच कशाला?”

श्रीरंगही तेच म्हणाला. अकराव्या मजल्यावरच्या घरात तो दिवसभर खिडकीकडे पाठ करून बसायचा. “पद्मा, माझ्याकडे अजून एक डोळा आहे,” तो म्हणायचा. “तो तुझा चेहरा बघायला पुरतो. पण हल्ली तुझ्या चेहऱ्याकडे बघवत नाही गं.”

 सकाळी आंघोळ झाली की पद्मिनी कुंकू लावायची, आणि लिफ्ट खाली जाता जाता स्वतःच्याच अंगठ्याने ते पुसायची. रोज. अकरा मजले उतरेपर्यंत तिच्या मनात एकच वाक्य फिरत असे, आणि ते वाक्य तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

३

“तुला त्या राणीची गोष्ट माहीत आहे ना?” मार्गारेटने विचारलं.

मार्गारेट म्हणजे पद्मिनीची साहेबीण. साठीची, सडसडीत, रोमन काळाची जाणकार. प्रदर्शनाच्या पाट्यांचा मजकूर लिहायला ती तळघरात येऊन बसली होती. पद्मिनीला गोष्ट वरवर माहीत होती. मार्गारेटने ती नीट सांगितली.

ब्रिटनच्या पूर्वेला एक छोटं राज्य होतं. राजा रोमन लोकांशी मिळून मिसळून राहिला, आणि मरताना त्याने अर्धं राज्य रोमच्या बादशहाला आणि अर्धं आपल्या दोन मुलींना दिलं. वाटलं, अशाने घर वाचेल. त्याची चिता विझते न विझते तोच रोमन अधिकारी आले आणि सगळंच घेऊन बसले. राणीने विरोध केला. तिला खांबाला बांधून फटके मारले. आणि तिच्या दोन्ही मुलींवर, तिच्या डोळ्यांदेखत, करू नये ते केलं.

“आणि मग?” पद्मिनीने विचारलं. 

“मग तिने माणसं उठवली. एक नाही, दोन नाही, तीन गावं जाळली. हे लंडन त्यातलं दुसरं. कैदी घेतले नाहीत, खंडणी मागितली नाही, कोणाला सोडलं नाही. उंच बाई होती म्हणतात. कमरेखाली रुळणारे तांबूस केस, आणि आवाज जाडाभरडा. तू हात लावतेस ना रोज, ते तिच्या हातचं काम आहे.” मार्गारेटने पेनाने लाल पट्ट्याकडे खूण केली. “पुढे ती हरली म्हण. पण तो भाग...”

पुढचा भाग पद्मिनीच्या कानात शिरलाच नाही. मार्गारेट वर गेल्यावर ती चौकटीसमोर जाऊन उभी राहिली. टेप बाजूला ठेवला, हातमोजा काढला आणि लाल पट्ट्यावर तळवा टेकवला.

माती कोमट होती.

खोलीत अडुसष्ट डिग्री फॅरनहाइट, म्हणजे बेताचा गारवा होता. तिने वरच्या तपकिरी थराला हात लावून पाहिला, गार. खालच्या करड्याला, गार. मधला पट्टा मात्र नुकतंच मूल उठून गेलेल्या अंथरुणासारखा. भिंतीमागून वाफेचा पाइप जात असणार, तिने स्वतःला समजावलं. मग भिंतीवर हात ठेवला. भिंतही गार होती.

ती हात काढून घेणार, इतक्यात पट्ट्याचा एक कण सुटला. मग दुसरा. चिमूटभर लाल माती आपण होऊन तिच्या तळव्यात उतरली आणि तिथेच थांबली. म्युझियमच्या वस्तूतला कणसुद्धा बाहेर न्यायचा नाही, हा नियम तिनेच नव्या लोकांना शिकवला होता. पद्मिनीने रुमालाच्या कोपऱ्यात ती माती बांधली आणि पर्समध्ये टाकली. आपण असं का केलं, हा प्रश्न तिला ट्रेनमध्ये पडला. उत्तर तिला ठाऊक होतं.

४

नोवाकांचं घर मागच्या गल्लीत होतं. तीन मजली, लाकडी, फिकट हिरव्या रंगाचं, रस्त्यावरून दाराशी जाणाऱ्या पाच दगडी पायऱ्या. शनिवारी सकाळी पद्मिनी दूध आणायला म्हणून बाहेर पडली आणि लांबचा रस्ता घेऊन त्या घरासमोर आली. निळी गाडी उभी होती. वरच्या खिडकीत डेनिसची दोन वर्षांची मुलगी काचेला नाक लावून बसली होती. मुलीची आई घर सोडून गेली होती, आजीच तिचं सगळं बघायची, हे गल्लीत सर्वांना माहीत होतं.

पद्मिनी बुटाची नाडी बांधायला वाकली. रुमालाची गाठ सोडली. लाल माती तिसऱ्या पायरीच्या फटीत पडली.

“हे घे,” ती मराठीत म्हणाली. कोणाला म्हणाली, ते तिने स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी स्टेशनकडे जाताना ती मुद्दाम त्याच गल्लीने गेली. पुढच्या दाराच्या रंगाला फोड आले होते. गरम दुधावर येतात तसे, बारीक बारीक. बुधवारी खिडकीतल्या कुंडीतली फुलझाडं करपलेली दिसली. त्यानंतरच्या आठवड्यात थंडी पडली, सगळ्या गल्लीच्या खिडक्या घट्ट बंद झाल्या, आणि नोवाकांच्या सताड उघड्या. मिसेस नोवाक, जाडजूड, सुजलेल्या पायांची म्हातारी, बिनबाह्यांच्या झग्यात पायरीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होती. शेजारणीला सांगत होती, “बॉयलर जुना झालाय. माणूस येऊन बघून गेला. म्हणतो, बॉयलर तर बंदच आहे.”

 दोन महिन्यांत पहिल्यांदा पद्मिनीला भूक लागली. त्या संध्याकाळी तिने भरली वांगी केली, श्रीरंगला आग्रह करकरून वाढली.

“आज काय आहे?” त्याने विचारलं.

“काही नाही हो. असंच.”

सुमेधा ताटावरून मान वर न करता म्हणाली, “आई, यू आर स्मायलिंग. इट्स वीअर्ड.”

तळघरात लाल पट्टा सत्तेचाळीस सेंटिमीटर झाला होता. पद्मिनीने वहीत चव्वेचाळीस लिहायला सुरुवात केली. पट्ट्यावर टेकवलेल्या थर्मामीटरमध्ये पारा नव्वदवर जायचा, मग पंच्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव. अठ्ठ्याण्णव म्हणजे माणसाच्या रक्ताची ऊब. त्यापुढे तिने थर्मामीटर लावायचं सोडलं. कान लावायला लागली. तळघरात कोणी नसेल तेव्हा ती गाल पट्ट्याजवळ न्यायची, आणि आतून खूप लांबून आवाज यायचा. शाळा सुटल्यावर होतो तसा. पुष्कळ माणसं एकदम बोलतायत, आणि त्यातलं कोणीच कोणाचं ऐकत नाही. वर रस्ता आहे, बसेस जातात, ती स्वतःला सांगायची. रोज हेच सांगायची, आणि रोज पुन्हा कान लावायची.

५

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी, निळी गाडी जागेवर नव्हती.

पद्मिनीला ते खटकलं, पण घरी संजीवचा फोन घेता घेता उशीर झाला होता, ट्रेनची वेळ झाली होती. तळघरात पोचली तर मार्गारेट आधीच खाली येऊन बसली होती. पाटीचा मजकूर पूर्ण झाला होता आणि तिला तो कोणाला तरी वाचून दाखवायचा होता.

“‘या गावात राजवाडा नव्हता, फौजही नव्हती,’” मार्गारेट वाचू लागली. “‘होते ते बहुतेक समुद्रापलीकडून पोटापाण्यासाठी आलेले लोक. व्यापारी, कारागीर, त्यांची बायकामुलं.’”

“म्हणजे आमच्या जर्सी सिटीसारखं,” पद्मिनी म्हणाली.

मार्गारेट हसली. “अगदी. रोमन सेनापतीने येऊन पाहिलं, गाव राखता येणार नाही असं ठरवलं, आणि ज्यांना चालता येत होतं त्यांना घेऊन निघून गेला. मागे राहिले ते म्हातारे, बायका, आणि ज्यांचा घरातून पाय निघेना असे. राणी आली तेव्हा गावात तेवढेच होते.”

पद्मिनीने विचारलं, “आणि तो? ज्याने तिला फटके मारायला लावले तो अधिकारी?”

“तो?” मार्गारेटने चष्मा काढला. “अगं, तेच तर. तो आधीच पळाला होता. जहाजात बसून समुद्रापार. बंड त्याच्यामुळे पेटलं आणि त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. तिने हजारो माणसं मारली, पद्मिनी. तो त्यांच्यात नव्हता.”

पद्मिनीने मान वळवून चौकटीकडे पाहिलं. करडा थर दिसत नव्हता. तपकिरी दिसत नव्हता. तळापासून वरच्या लाकडापर्यंत सगळी माती लाल होती.

“मार्गारेट, तुम्हाला तो काप कसा दिसतोय?”

“कसा म्हणजे? नेहमीसारखाच.” मार्गारेटने हवा हुंगली. “फक्त इथे काहीतरी जळकट वास येतोय. तुला येतोय का?”

पद्मिनीने ॲप्रनसुद्धा काढला नाही. कोट हातात घेऊन ती जिना चढली. ट्रेनमध्ये बसायला जागा होती, तरी ती दाराशी उभी राहिली. डोक्यात हिशोबी बुद्धी एकेक गोष्ट मांडत होती. पाइप. जुना बॉयलर. जागरणं. चिमूटभर मातीने घर पेटत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण दुसरं काहीतरी त्याच्याखाली शांतपणे बोलत होतं. निळी गाडी गेली. तो गेला. जहाजात बसला. घरात राहिले कोण?

६

दुपारचे बारा वाजत होते. गल्ली रिकामी होती. हिरव्या घराच्या पायऱ्यांवरून हवा उन्हाळ्यातल्या डांबरी रस्त्यावर थरथरते तशी थरथरत होती.

पद्मिनीने वाकून तिसऱ्या पायरीची फट नखांनी उकरली. माती नव्हती. फट आत, घराच्या दिशेने, लाल झाली होती. तिने दार वाजवलं. दाराचा रंग तिच्या मुठीला चिकटला.

साखळीएवढं दार उघडलं. मिसेस नोवाकचा घामेजलेला चेहरा दिसला, आणि पद्मिनीला ओळखताच तो दगडासारखा झाला.

“मला जे सांगायचं होतं ते मी पोलिसांना सांगितलंय. तो घरीच होता.”

“मिसेस नोवाक, तुम्ही मुलीला घेऊन बाहेर या. लगेच या.”

“तो माझ्यासमोर जेवत होता,” म्हातारी म्हणाली. वाक्य तसंच पाठ केल्यासारखं आलं. “चल जा इथून. जा तुझ्या देशात.”

पद्मिनी वळली. खरंच वळली. दोन पायऱ्या उतरली. तिच्या डोळ्यांपुढे फुटपाथवरची डाळ होती. जळू दे, तिला वाटलं. लिफ्टमधलं तेच वाक्य. हिनेच शपथ घेतली ना? मग हिच्यासकट जळू दे. आणि हा विचार मनात येताच तिच्या पाठीवर ऊब आली. कोणीतरी अगदी मागे येऊन उभं राहावं, तिला शाबासकी द्यावी, तशी. त्या उबेत तिला क्षणभर इतकं बरं वाटलं की तिने डोळे मिटले.

आतून मूल खोकलं. कोरडं, बारीक. धूर घशात गेल्यावर खोकतं तसं.

पद्मिनी परत फिरली ती खांद्याने दारावर आदळली. एकदा, दोनदा. तापून मऊ पडलेलं लाकूड करकरलं आणि साखळी सुटली. म्हातारी ओरडत भिंतीला टेकली. आत ज्वाळा कुठेच नव्हत्या. फक्त उष्णता होती, आणि भिंतीवरचा कागद कोपऱ्याकोपऱ्यातून आपोआप सुटून खाली गुंडाळत येत होता. त्याच्यामागचं प्लास्टर लाल होतं. जमिनीपासून कमरेपर्यंत, आणि बघता बघता छातीपर्यंत.

“मुलगी कुठे आहे?”

“वर,” म्हातारी म्हणाली. आता तिलाही कळलं होतं.

पद्मिनीने जिन्याकडे पाहिलं.

कोणीतरी जिना चढत होतं. वळणाशी पोचलं होतं, त्यामुळे दिसली ती फक्त पाठ. बाईची रुंद, उघडी पाठ. तांबूस केसांचा जड भार एका खांद्यावरून पुढे घेतलेला. तसा तो घ्यावाच लागला असणार, कारण पाठीवर केस टेकवायला जागा नव्हती. मानेपासून कमरेपर्यंत आडवेतिडवे फटके, काही वाळलेले, काही ओले. घाई मुळीच नव्हती. एका पायरीवर पाऊल पडलं की ती पायरी लाल व्हायची, मग दुसरी.

“ती नाही!” पद्मिनी ओरडली. मराठीत ओरडली, दुसरी कुठलीही भाषा तिला सुचली नाही. “ते लेकरू आहे! तुम्हालाही मुली होत्या ना?”

पाठ थांबली.

किती वेळ थांबली, ते पद्मिनीला पुढे कधी सांगता आलं नाही. जिन्याच्या कठड्यावर एक हात होता, त्याची बोटं एकदा मिटली, एकदा उघडली. मग वळणावर जागा झाली. एका बाईला अंग चोरून जाता येईल एवढीच. पद्मिनी डोळे खाली घालून तिथून वर गेली. तिच्या उजव्या बाहीची लोकर जळून करपली, एवढ्या जवळून.

मूल पलंगाखाली होतं. कोटात गुंडाळून तिने त्याला छातीशी धरलं आणि खाली आली, तेव्हा वळणावर कोणी नव्हतं. तिने म्हातारीचा दंड पकडला. दोघी कशाबशा रस्त्याच्या पलीकडे पोचल्या, आणि मागे घराने एक श्वास घेतला. खिडक्या आत ओढल्यागत फुटल्या. मग मात्र ज्वाळा आल्या, तिन्ही मजल्यांतून एकदम.

७

अग्निशमनवाल्यांनी पाऊण तासात आग आटोक्यात आणली. त्यांचा मुख्य माणूस बॉयलरबद्दल विचारत होता, वहीत लिहीत होता. फुटपाथवर पाण्याचे लोट वाहत होते. मिसेस नोवाक समोरच्या घराच्या पायरीवर बसली होती, अंगाभोवती कोणीतरी दिलेली घोंगडी. मूल पद्मिनीच्या मांडीवर झोपलं होतं.

 मग म्हातारी म्हणाली, “तू का आलीस?”

पद्मिनीने मुलीचं डोकं मांडीवर सावरलं.

“तो घरी नव्हता,” म्हातारी म्हणाली.  “त्या शनिवारी. तो घरी नव्हता. आला तेव्हा त्याच्या शर्टावर रक्त होतं, मीच धुतला तो शर्ट. माझा मुलगा आहे गं. मी काय करणार होते?”

“मला माहीत आहे,” पद्मिनी म्हणाली. आपल्याला राग येईल असं तिला वाटलं होतं. आला नाही. त्याच्या जागी नुसती राख होती, आणि दमणूक. संपलं, तिला वाटलं. घरी जावं. श्रीरंगजवळ बसावं.

तेवढ्यात तिच्या पाठीला ऊब लागली.

“तो कुठे गेला?”

प्रश्न इंग्रजीत होता, पण शब्द जड पडत होते, पहिल्यांदाच तोंडात घेतल्यासारखे. आवाज जाडाभरडा होता. पद्मिनीचं तोंड मिटलेलं होतं. तिच्या मांडीवरचं मूल झोपेत दचकलं आणि तिला घट्ट बिलगलं.

मिसेस नोवाकने मान वर केली. ती पद्मिनीकडे बघत नव्हती. पद्मिनीच्या डोक्याच्या वर, चांगलं हातभर वर, तिची नजर जाऊन थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. पोलिसांपुढे शपथेवर खोटं बोललेली ती बाई आता एक शब्दही खोटा बोलू शकली नाही.

“स्क्रँटनला,” ती म्हणाली. “माझ्या भावाकडे. रेल्वेच्या पुलाखालचं पिवळं घर. काल रात्रीच निघाला. तू सारखी घरासमोरून जाताना दिसायचीस. त्याला वाटलं, पोलीस पुन्हा येतील.”

ऊब तिथेच थांबली, एखादी गोष्ट नीट लक्षात ठेवायला लागतो तेवढा वेळ. मग पाठीवरून सरकली. पद्मिनीने वळून पाहिलं नाही. पण समोरच्या ओल्या फुटपाथवर एक कोरडा डाग उमटला, अनवाण्या पावलाएवढा. मग त्याच्यापुढे दुसरा, मग तिसरा. ठशाठशाने पाणी सुकत गेलं. पावलं लांब टाकलेली होती, आणि ती पश्चिमेकडे, स्क्रँटनच्या वाटेने निघाली होती.

मिसेस नोवाकने दोन्ही हातांनी पद्मिनीचं मनगट पकडलं. हात बर्फासारखे गार होते.

“फोन,” ती म्हणाली. “माझ्या भावाला फोन करायला हवा. आत्ताच्या आत्ता. तू त्या उंच बिल्डिंगमध्ये राहतेस ना? इथून दोन मिनिटं. तुझ्या घरी फोन आहे ना?”

पद्मिनीने झोपलेल्या मुलीच्या कपाळावरची काजळी पुसली. अंगठ्याने, हळू, तिची झोप मोडू नये म्हणून. मग कोट तिच्या खांद्यांवर नीट ओढून घेतला.

“आमचा फोन बंद आहे,” ती म्हणाली.